अंगणातली ब्रेकदुरुस्ती : घरी काय करावे, कुठे थांबावे

उसाचा हंगाम लागला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते रात्रीही झोपत नाहीत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, कोणत्याही कारखान्याकडे निघा, वाहनांची रांग ठरलेली. त्या रांगेतले मोठे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. पण त्याच रस्त्यांवरून वाढे, विटा, कांदा, दुधाचे कॅन आणि मजुरांची भांडीकुंडी वाहणाऱ्या लहान, जुन्या मालगाड्याही धावत असतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताने घेतलेली टाटा ४०७, नाहीतर अजून तग धरून असलेली एखादी मॅटॅडोर. आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबांची चूल या गाड्यांवर पेटते. घरधनी चालक, थोरला मुलगा क्लीनर आणि हिशेबाची वही कारभारणीच्या हाती, असा तो संसार असतो.

गॅरेजचा खर्च परवडत नाही आणि गाडी उभी राहिली तर रोजगार बुडतो. म्हणून पुष्कळशी दुरुस्ती घरच्या अंगणातच होते. ऑईल बदलणे, कमानपाट्यांचे बोल्ट आवळणे, बॅटरीची टोके घासणे, ही कामे घरचीच. त्याच ओघात ब्रेकचे कामही अंगणात येते. ब्रेकला घरी हातच लावू नये, असे आम्ही म्हणणार नाही. हात चांगला असेल आणि मन शांत असेल तर यातले बरेचसे काम घरी नीट होऊ शकते. पण कोणत्या जागी पाना खाली ठेवून सुटा भाग कारागिराकडे न्यायचा, ती जागा ओळखता आली पाहिजे. आजचा लेख त्या जागेविषयी आहे.

मोठ्या ट्रकना आज हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक असतो. तो या लेखाचा विषय नाही. आपण बोलतो आहोत ते तेलावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकविषयी. १९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ याच प्रकारातली. बजाज टेम्पोची मॅटॅडोरही याच प्रकारातली; त्या कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले. त्याही आधी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक निघत. १९४४ साली प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे तेच. तेव्हा जुन्या ट्रकचे आणि या मुलुखाचे नाते तसे घरचेच म्हणायचे.

तेलाचा ब्रेक कसा लागतो? बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. फ्रान्सच्या पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला हा नियम आपली मुले शाळेत शिकतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतले तेल रेटले जाते, प्रत्येक चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमधले दट्टे बाहेर येतात आणि ब्रेक-शू फाकून ड्रमला भिडतात. या सगळ्या कारभारात तेल अडवून धरणारी वस्तू एकच, ती म्हणजे दट्ट्यापुढचा रबरी कप. आपल्याकडे त्याला सरसकट वायसर म्हणतात आणि त्याच्या संचाला किट.

हा वायसर किती सोसतो याचा अंदाज घेऊ. चालकाने पेडलवर ५० किलोचा जोर दिला आणि पेडलच्या दांड्याने तो पाचपट केला, तर मास्टरच्या दट्ट्यावर २५० किलोचा रेटा पडतो. दट्ट्याचा व्यास २५ मिलिमीटर धरला तर त्याचे तोंड सुमारे ५ चौरस सेंटिमीटरचे होते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५० किलो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटचे पोते ठेवावे तसे! बोटभर रबर हा भार झेलते, तेव्हा भवानीनगरच्या वळणावर गाडी थांबते.

आता दुखणे ओळखणे. गाडी उभी असताना पेडल दाबून तसेच धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेच तेल दिसले नाही, तर मास्टरचा वायसर आतल्या आत तेल सोडतो आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येते, तर बहुधा लायनर झिजून ड्रमपासून लांब गेला आहे. ॲडजस्ट केल्याने ते निवळते. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, तर नळीत हवा शिरली आहे. टायरच्या आतल्या अंगाला ओलसर डाग दिसतो, तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर गळतो आहे. डब्यातले तेल कमी होते पण गळती कुठेच सापडत नाही, तर ते मास्टरच्या मागच्या बाजूने बूस्टरमध्ये जात असू शकते. असा संशय आला तर घरी वेळ घालवू नये, गाडी सरळ जाणकाराकडे न्यावी.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नंतरच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन कप्पे असतात, एका बाजूचे तेल गेले तरी दुसऱ्या बाजूचा ब्रेक शिल्लक राहतो. फार जुन्या गाड्यांत बहुधा एकच कप्पा असतो. तिथे एका चाकाचा वायसर फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

चाक उघडण्याआधी गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. विटांची चवड तर लावूच नये. वीट सांगून फुटत नाही. जाड लाकडी स्लीपर किंवा लोखंडी घोडी हवी. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात हे विसरले तर दुसऱ्या बाजूला पाहता येते. व्हील सिलिंडरवरची रबरी टोपी काढली की दट्टे, वायसर आणि मधली स्प्रिंग हाताने निघतात. इथपर्यंतचे काम कोणीही करील.

खरी परीक्षा यापुढे आहे. रिकामा सिलिंडर ब्रेक ऑईलने किंवा स्पिरिटने धुऊन स्वच्छ फडक्याने पुसावा आणि उजेडाकडे धरून आत पाहावे. आरशासारखा साफ असेल तर प्रश्नच नाही. नुसता तपकिरी डाग असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑईलमध्ये भिजवून गोल फिरवावा. लांबीच्या दिशेने घासू नये, कारण उभा ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर पडायला आयती वाट. मग नख आतून फिरवून पाहावे. नख कुठे अडले, खड्डा लागला, पायरी लागली, तर त्या सिलिंडरचे आयुष्य संपले. त्यात नवा वायसर घालणे म्हणजे फाटक्या पोत्याला नवी सुतळी बांधणे. चार दिवस गळणार नाही. नव्या वायसरची कड कोरी असते, ती काही दिवस झाकून नेते. पुढे तोच खड्डा ती कड कुरतडतो.

घासून घासून खड्डा घालवला तर चालेल का, असे बरेच जण विचारतात. नाही. खड्डा जाईल, पण भोक मोठे होईल. दट्टा आणि सिलिंडर यांच्यातली फट केसाएवढी असावी लागते. ती वाढली की दाबाखाली वायसरची कड त्या फटीत ओढली जाते आणि चिरते. अशा वेळी नवा सिलिंडर घ्यावा, किंवा चांगल्या लेथवाल्याकडून जुन्यात स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणून घ्यावा. हेच मास्टरलाही लागू आहे. तिथे तर दुप्पट कडक नजरेने पाहावे. ड्रमला आत कड आली असेल, चरे पडले असतील, तर तेही लेथचे काम. नवे लायनर रिबीट मारून शूला बसवणे हेही सवयीच्या हातांचे काम आहे. ही कामे बाहेरून करून आणण्यात कमीपणा नाही. सुटा भाग पिशवीत घालून एस.टी.ने तालुक्याला नेता येतो. गाडी ओढून न्यावी लागत नाही.

किट घेताना गाडीचे मॉडेल आणि सिलिंडरचे माप पाहून घ्यावे. मापात थोडासा फरक असलेला वायसर ‘बसतो की’ म्हणून घालू नये. बसवताना हात धुवावेत, वायसर नव्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवावा आणि त्याची पसरट कड तेलाच्या, म्हणजे स्प्रिंगच्या बाजूला ठेवावी. उलटा बसला तर तेल अडणारच नाही. आणि इथे एक सवय मोडायची आहे. आपल्याकडे मळके लोखंड दिसले की हात आपोआप डिझेलच्या, रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या डब्याकडे जातो. ब्रेकच्या रबराला ही तिन्ही विषे आहेत. इंजिन ऑईल आणि साधे ग्रीसही तसेच. ही खनिज तेले लागली की रबर फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये तेल परत येण्यासाठी एक बारीक भोक असते. फुगलेला वायसर ते झाकतो. मग पेडल सोडले तरी ब्रेक सुटत नाही, ड्रम तापतात आणि गाडी जागच्या जागी जखडते. डब्यात चुकून इंजिन ऑईल ओतले गेले, तर नुसते तेल बदलून भागत नाही. सर्व रबरी भाग आणि होज पाईप बदलून नळ्या धुऊन काढाव्या लागतात.

होजवरून आठवले. चाकाजवळचा रबरी होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगून बंद होत आलेला असू शकतो. त्याला तडे दिसले, किंवा पेडल दाबताना तो फुगताना दिसला, तर विचार न करता बदलावा.

सगळे जोडल्यावर हवा काढायची. याला दोन माणसे लागतात, आणि पुष्कळ घरांत दुसरे माणूस म्हणजे घरातली बाईच. तिला ‘दाब गं’ एवढेच सांगून भागत नाही. नेमके काय होते आहे ते आधी समजावून सांगावे. साधारणपणे मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून आधी मागचे डावे चाक. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवावे. खालून ‘दाब’ म्हटले की पेडल पूर्ण दाबायचे, ‘धर’ म्हटले की तसेच धरायचे. तेवढ्यात निप्पल सैल होतो, बुडबुडे निघतात, पेडल खाली जाते. निप्पल आवळून झाला की मगच ‘सोड’. हा क्रम चुकला आणि पाय आधी सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे, आणि मधूनमधून वरच्या डब्यात तेल भरावे. तो रिकामा झाला तर सगळी मेहनत पाण्यात. बाटलीत निघालेले तेल पुन्हा डब्यात ओतू नये, ते कितीही स्वच्छ दिसो.

नवे तेलही बंद डब्यातलेच हवे. ब्रेक ऑईलचा स्वभाव मिठासारखा आहे. हवेतली ओल ते शोषून घेते. पावसाळ्यात अर्धवट झाकलेला डबा घरात पडून असेल तर तो कामाचा नाही. या ओलीने काय होते? डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आता बारामतीहून जेजुरी-सासवडमार्गे माल घेऊन पुण्याला निघालेली गाडी डोळ्यांपुढे आणा. दिवे घाटाचा उतार लागला, चालकाचा पाय ब्रेकवरच, ड्रम तापले, ती धग सिलिंडरपर्यंत पोचली. जुने ओले तेल आत उकळते आणि त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल फळीला टेकते आणि गाडी धावतच राहते. खाली थांबून गाडी निवली की पेडल परत घट्ट! मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि चालकावर कोणाचा विश्वास बसत नाही. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे, आणि घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, कधी इंजिनही बंद करणारे काही बहाद्दर आहेत. ज्या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत आहे तिथे इंजिन बंद केले की दोन-चार दाबांत ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब कारभारणीच्या वहीत कधी लिहिला जातो का, हे तिलाच विचारा.

हंगामातला एक जुगाड मात्र आम्हाला सर्वांत भयंकर वाटतो. एका चाकाचा सिलिंडर गळू लागतो, खेप अर्ध्यावर असते, मुकादमाचा तगादा असतो. मग त्या चाकाची नळी ठोकून चपटी करतात किंवा तिच्या तोंडात छर्रा घालून बंद करतात. तीन चाकांवर गाडी चालते. ‘उद्या करू’ म्हणता म्हणता आठवडा जातो, गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते, आणि चालकाला त्याचीही सवय होते. पुढे चालक बदलतो. नव्याला कोणी सांगत नाही. इतर वेळी ते खपूनही जाते. पण नीरा डाव्या कालव्याच्या काठाने जाताना एका अंगाला ओढणारी गाडी कुठे जाईल, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच चारही चाकांच्या नळ्या बोटांनी चाचपून पाहाव्यात.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर धरावे. ते खाली बसता कामा नये. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. व्हॅक्यूमची मदत ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. नंतर मोकळ्या मैदानात चालत्या माणसाच्या वेगाने, मग थोड्या वेगाने, आणि शेवटी माल भरून पाहावे. पोरांना त्या वेळी अंगणात ठेवू नये. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तिथे ब्रेक बघतातच, पण बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस बघणारे आपणच.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक. ६ डिसेंबरला दादरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे म्हणून वस्तीतली मंडळी ओळखीच्या मालगाडीत बसून निघतात. त्यामागची कळकळ आणि रिकामा खिसा दोन्ही आम्हाला ठाऊक आहेत. तरी सांगणे भाग आहे की मालगाडीत माणसे भरणे कायद्याला मान्य नाही. अशा फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे काही विपरीत घडले तर जखमींचा आणि मृतांच्या वारसांचा सगळा बोजा गाडीमालकावर, बहुधा आपल्याच एखाद्या कष्टाळू बांधवावर येतो. वर्गणी काढून एस.टी. ठरवावी, रेल्वेने जावे.

आता थोडे घरातल्या भगिनींसाठी, कारण हे काम अंगणात होते आणि अंगण घराचेच असते. ड्रम उघडल्यावर आत जी राखाडी धूळ दिसते ती तोंडाने फुंकू नये, झाडूने झाडू नये आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षे आतच राहतात, आणि त्यांपासून कॅन्सर होतो हे जगभर मान्य झाले आहे. ड्रमवर पाणी शिंपडून ओल्या फडक्याने धूळ पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. त्या दिवशीचे कपडे झटकू नयेत, वेगळे भिजवून धुवावेत, आणि आंघोळ होईपर्यंत तान्ह्या लेकराला जवळ घेऊ नये. ब्रेक ऑईल पोटात गेले तर विषारी आहे. थंडपेयाच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. शेल्फवर सरबतासारखे दिसते. अंगावर उडाले तर साबणाने धुवावे, डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाणी ओतावे, नाहीतर रंग सोलून निघतो.

आणि काढलेले जुने वायसर डबीत जपून ठेवू नयेत. अडीनडीला उपयोगी पडतील म्हणून आपण ठेवतो, आणि एखाद्या रात्री घाईत तेच पुन्हा चाकात जातात. काढल्याबरोबर प्रत्येकाचे कात्रीने दोन तुकडे करावेत.